जपानी शिकताना: आपली शैली आणि भाषेच्या मागण्या

नव्याने जपानी शिकू लागलेल्यांशी अभ्यासाविषयी बोलणे निघाले, की 'मी ऐकून शिकणारा आहे' किंवा 'लिहिल्याशिवाय माझ्या लक्षात राहत नाही' असे विधान हमखास पुढे येते, आणि मग त्या एका विधानावर साऱ्या अभ्यासाची आखणी होते. अशा आवडीनिवडींना अर्थ नाही असे मी म्हणणार नाही; जॉय रीड यांनी १९८७ साली इंग्रजी शिकणाऱ्या परभाषक विद्यार्थ्यांच्या आवडी तपासल्या, तेव्हा पाहणे, ऐकणे आणि हाताने करणे यांबरोबर एकट्याने शिकणे आणि गटात शिकणे हेही प्रकार विचारात घेतले होते. मात्र शिकण्याच्या अशा शैलीला जुळवून शिकवले तर अधिक चांगले शिकता येते, या दाव्याला पुरेसा पुरावा नसल्याचे हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात दाखवून दिले, आणि जपानीच्या बाबतीत मला ते मनापासून पटते.

येथे भाषाच आपल्या मागण्या पुढे ठेवते. वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद आणि नामामागे लागणारे, आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे शब्द मराठी माणसाला ओळखीचे वाटतात, त्यामुळे वाक्यरचना लवकर अंगवळणी पडते. कांजीचे, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चिन्हांचे, तसे नाही. नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजी २१३६ आहेत, त्यांतल्या अनेकींना एकाहून अधिक उच्चार आहेत, आणि नुसत्या ऐकण्याने त्या येणार नाहीत. ऐकण्याची आवड असलेल्यानेही त्या रेघांच्या ठरलेल्या क्रमाने गिरवाव्यात, त्यांचे घटक ओळखावेत (झाडाशेजारी माणूस दिसला, की विश्रांतीची कांजी डोळ्यांसमोर राहते), शब्द वाक्यासकट मोठ्याने वाचावेत आणि काही दिवसांनी पुस्तक मिटून आठवून पाहावेत. असे आठवून पाहिलेले नुसत्या पुनर्वाचनापेक्षा अधिक टिकते, मग शिकणाऱ्याची शैली कोणतीही असो. उलट, सुरेख कांजी लिहिणाऱ्याने जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेतल्या श्रवण विभागासाठी, बोलणाऱ्याच्या मागोमाग त्याच लयीत वाक्ये म्हणण्याचा सराव रोज करायला हवा.

माझ्या मते शैलीचा खरा उपयोग सोबत निवडताना होतो. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नसते, त्यामुळे तिची एन३ ही मधली पातळी उत्तीर्ण होऊनही साध्या संभाषणात अडखळायला होते. गटात रमणाऱ्याने बोलण्याच्या सरावासाठी मित्र आधीच जमवावेत. लाजाळू विद्यार्थ्याने प्रथम आपले बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे आणि नंतर एखाद्याच विश्वासातल्या जोडीदाराशी बोलू लागावे.