डावखुऱ्याचा व्हायोलिन बास

मी डावखुरा. जेवतो तेवढा उजव्या हाताने, कारण त्या बाबतीत आजीने माझं काही चालू दिलं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातायचं, छोटं वर्कशॉप आहे. तिथली सगळी यंत्रं उजव्या माणसांसाठी बनवलेली, पण त्यांची हाताला सवय झाली. बास गिटारची, म्हणजे जाड तारांच्या, खालच्या सुरांच्या गिटारची, काही केल्या झाली नाही.

कोल्हापुरात डावखुरा बास दुकानात जाऊन घेता येत नाही. मी ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो तेव्हा तर अजिबातच नाही. मग आपला नेहमीचा उपाय: उजवा बास घ्यायचा, उलटा धरायचा, तारा उलट क्रमाने चढवायच्या. वीस वर्षं तसं वाजवलं. पण नेहमीच्या बासला वरच्या बाजूला एक लांब शिंग असतं, पट्टा अडकवायला. बास उलटा केला की ते शिंग खाली जातं आणि पट्टा अडकवायची जागाच राहत नाही. शिवाय माझा बास चार किलोंच्या वर होता. पन्नाशी जवळ आली तसा खांदा बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, "वजन उचलायचं कमी करा." मी लेथवरच्या जॉबबद्दल विचारलं, तर म्हणाले, "ते नाही हो, ते गळ्यात अडकवता ते."

तेव्हा व्हायोलिन बास आठवला. आकार अगदी व्हायोलिनसारखा, मध्ये कंबर, दोन्ही बाजू सारख्या. शिंग नाही, त्यामुळे उलटा आणि सुलटा हा प्रश्नच नाही. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या डावखुऱ्या पॉल मॅकार्टनीने 1961 साली हॅम्बुर्गमध्ये हॉफनर या जर्मन कंपनीचा असा आपला पहिला बास घेतला, त्यामागे किंमत तर होतीच, जेमतेम तीस पौंड. पण हा बास दोन्हीकडून सारखा असल्याने डावखुऱ्याच्या हातात विचित्र दिसत नाही, हेही त्याने पुढे सांगितलं आहे. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बासवादकाची अडचण आणि माझी अडचण एकच निघाली, तेव्हा मला उगीचच बरं वाटलं. तो बास 1972 मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेला आणि 2024 मध्ये परत मिळाल्याचं जाहीर झालं. बावन्न वर्षं! आमच्याकडे सायकल चोरीला गेली तर आठवड्यात नाद सोडतात.

हा आकार पहिल्यांदा हॉफनरने काढला असं बरेच जण समजतात. त्याआधी 1953 मध्ये गिब्सन या अमेरिकन कंपनीने व्हायोलिनच्या आकाराचा बास आणला होता, पण तो भरीव महोगनीचा, आणि त्याची व्हायोलिनसारखी 'एफ'ची भोकं नुसती रंगवलेली. हॉफनर हे घराणंच मुळात व्हायोलिनवाल्यांचं. बोहेमियात 1887 साली सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धानंतर बव्हेरियात आलं. 1955-56 च्या सुमारास त्यांनी 500/1 हा बास काढला तो आतून पोकळ. वर स्प्रूसची फळी, मागे आणि कडेला मेपल. गळ्याकडून घोडीपर्यंत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजपर्यंत, तारेची लांबी 30 इंच, फेंडर कंपनीच्या नेहमीच्या बासची 34. हे चार इंच माझ्यासारख्या आखूड बोटांच्या माणसाला केवढे असतात ते वाजवणाऱ्यालाच कळेल.

माझा बास जर्मन नाही, त्याची चिनी नक्कल आहे. बेळगावच्या एका चर्चमधल्या वादकाकडून जुना घेतला, चौदा हजारांना. वजन सव्वादोन किलो. घरी आणून वर्कशॉपच्या काट्यावर ठेवला, तेव्हा आमचा हेल्पर म्हणाला, "मालक, ह्याच्या पोटात कायच न्हाई की."

पोटात काही नाही हेच खरं तर त्याचं सगळं काही आहे. पण आधी तो डावा करायचा होता.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. गळ्याच्या टोकाला हाडाची एक पट्टी असते, तिच्या खाचांत तारा बसतात. जाड तारेची खाच रुंद, बारीकची अरुंद, म्हणून पट्टी नवी करावी लागते. दुसरी गोष्ट ब्रिज. नेहमीच्या बासचा ब्रिज धातूचा, स्क्रूने ठोकलेला. याचा ब्रिज लाकडी, आणि तो कशालाच चिकटवलेला नसतो. तारांच्या दाबावर नुसता उभा. गिटार दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात विचारलं. तिथल्या पोराने ब्रिज हलवून पाहिला आणि म्हणाला, "हा निघालाय, फेव्हिक्विक लावून देतो." मी बास परत पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी मिरजेची गाडी पकडली. मिरज कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटर. तिथे दीडेकशे वर्षं सतारी आणि तंबोरे बनताहेत, त्यांना 2024 मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकनही मिळालं. मला वाटलं, ज्यांच्या वाद्यात घोडी तबलीवर, म्हणजे वरच्या फळीवर, अशीच नुसती बसते त्यांना हे कळेल. भोपळ्यांच्या ढिगाऱ्यात बसलेले एक चाचा होते. त्यांनी बास मांडीवर घेतला, बोटाने वरच्या फळीवर टकटक केलं, कान लावला, घोडी दोन बोटांनी जराशी सरकवून पाहिली. कुठेही आश्चर्य नाही. मग विचारलं, "जवारी खुली पाहिजे की बंद?"

मी चाटच पडलो. जवारी म्हणजे घोडीचा माथा घासून तारेला दिलेली बैठक. तंबोऱ्याची जवारी खुली असेल तर सूर झणझणत राहतो, बंद असेल तर गोल आणि आटोपता. म्हटलं, "बंद. जेवढी होईल तेवढी बंद." त्यांनी मान हलवली. बासच्या घोडीवर तारांखाली तारेचे छोटे तुकडे बसवलेले असतात. ते काढून त्यांनी उलट क्रमाने बसवले, हाडाची नवी पट्टी कानसून दिली आणि घोडी कुठे उभी करायची तिथे पेन्सिलीने दोन बारीक खुणा केल्या. सहाशे रुपये घेतले. निघताना एकच सूचना: "सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा. घोडी पडली की सूर गेला." सहा महिन्यांनी मी घाईत चारही तारा एकदम काढल्या. घोडी पडली, फडक्याने पुसताना पेन्सिलीच्या खुणाही गेल्या. संध्याकाळभर ट्यूनर लावून घोडी केसाकेसाने सरकवत बसलो.

आता आवाज. या बासवर चपट्या गुंडाळणीच्या तारा लावतात, फ्लॅटवाउंड. आवाज येतो तो 'टुम्' असा; सुरुवातीला गोल, ठसठशीत, आणि लगेच विरतो. भरीव बासचा सूर सरळ रेषेसारखा लांबत जातो, तसा हा लांबत नाही. जुन्या हिंदी गाण्यांना, भावगीतांना हे फार शोभतं. आमचा ढोलकीवाला मित्र आधी हसला होता: "आरं भावा, ह्यो व्हायोलिन हाय का गिटार? ठरीव की एकदा." पण तालमीत दोन गाणी झाल्यावर गप्प झाला. मग म्हणाला, "आता माझा घुमारा मला ऐकू यायलाय." माझा जुना बास त्याच्या ढोलकीच्या घुमाऱ्यावर चादर टाकल्यासारखा पसरायचा. हा एक शब्द बोलून बाजूला होतो. ज्यांना बोटांनी फटकारे मारून वाजवायचंय, धातूचा खणखणाट हवाय, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. तो आवाज यातून मेला तरी निघत नाही.

दुखणी बरीच आहेत. पहिलं म्हणजे मान खाली पडते. धड हलकं, खुंट्यांचं टोक जड, आणि वर शिंग नसल्याने पट्टा चुकीच्या जागी. हात सोडला की गळा जमिनीकडे. मी आधी टर्नरची बुद्धी चालवली: पितळेचा अडीचशे ग्रॅमचा गोल तुकडा कातून मागच्या बटणावर बसवला. तोल सुधारला, पण वजन कमी करायला बास घ्यायचा आणि त्यालाच पितळ लटकवायचं, हे माझं मलाच पटेना. शेवटी चप्पल लाइनीतल्या एका कारागिराकडून चामड्याचा रुंद पट्टा करून घेतला, खरखरीत बाजू आत. शर्टाला घासतो, सरकत नाही, मान जागच्या जागी. त्याने पट्ट्याच्या टोकाला हौसेने चपलेसारखा लाल गोंडाही लावलाय. काढायचं धाडस होत नाही.

दुसरं खास माझं, डावखुऱ्याचं. याची बटणं खालच्या कडेला एका चौकोनी पट्टीवर असतात. बास उलटा केला की ती वर येतात, नेमकी हाताच्या कोपराखाली. त्यात 'रिदम' आणि 'सोलो' असं एक सरकतं बटण आहे. सोलोवर पूर्ण आवाज, रिदमवर कमी. एका लग्नाच्या कार्यक्रमात कोपराने ते सरकलं आणि अख्खं एक कडवं मी जवळजवळ मुक्याने वाजवलं. मला वाटलं साउंडवाल्याचा घोळ. त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होतो. आता त्यावर चिकटपट्टी असते. त्या साउंडवाल्याची मात्र अजून माफी मागितलेली नाही.

तिसरं मोठ्या स्टेजवरचं. पोकळ पेटी म्हणजे दुसरा कानच. मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर, जवळ असला की स्पीकरचा आवाज पेटीत शिरतो, फळी थरथरते, तारा हलतात, तोच आवाज परत स्पीकरमधून येतो आणि 'घूंऽऽ' चालू. गणपतीत एका मंडळासमोर आमचा कार्यक्रम होता, शेजारच्या रस्त्याने दुसऱ्यांचा डॉल्बी निघाला. मी हात तारांवरून उचललेला, तरी खालची तार आपोआप गुणगुणत होती, सतारीच्या तरफा, म्हणजे न छेडता घुमणाऱ्या खालच्या तारा, घुमाव्यात तशी. पोरांना मजा वाटली, मला घाम फुटला. त्यानंतर गादीवाल्याकडून स्पंज आणून 'एफ'च्या भोकांतून आत कोंबला. थोडा फरक पडतो. स्पंज जास्त झाला की मात्र 'टुम्'चा 'ठप्' होतो. तीनदा भरला, दोनदा चिमट्याने उपसला. खुल्या मैदानावर, मोठ्या आवाजात वाजवायचं असेल तर हा बास नेऊच नये असं माझं मत झालंय. शाहू स्मारक भवनासारख्या बंदिस्त हॉलमध्ये मात्र सोन्यासारखा वाजतो.

बाकी किरकोळ. आखूड फ्लॅटवाउंड तारा इथे मिळत नाहीत, मागवाव्या लागतात, आणि साध्या तारांपेक्षा बऱ्याच महाग. समाधान एवढंच की वर्षानुवर्षं बदलाव्या लागत नाहीत, जुन्या झाल्यावर उलट गोड वाजतात. जुलैत आपल्याकडचा पाऊस एकदा लागला की फळी फुगते, तारा गळ्यापासून वर उचलल्या जातात; तेव्हा घोडीचे स्क्रू अर्धा आटा खाली. दिवाळीनंतर पुन्हा अर्धा आटा वर. खुर्चीत बसून वाजवायला गेलं तर मांडीवरून घसरतो. गळ्याच्या अगदी खालच्या घरांपर्यंत बोटं पोहोचत नाहीत, कारण कुठे खाचच दिलेली नाही. पण ऑर्केस्ट्रात तिथे जायची वेळ मला वर्षातून एकदा येते.

परवा वर्कशॉपवर एक कॉलेजचा मुलगा आला होता. मॅकार्टनीचे व्हिडिओ पाहून याच आकाराचा बास घ्यायचा म्हणत होता. "काका, पहिलाच बास आहे, घेऊ का?" मी विचारलं, कुठल्या हाताने लिहितोस? उजव्या. मग त्याला साधा, भरीव बास घ्यायला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मी माझा बास त्याच्या गळ्यात घातला, उलटा तर उलटा. पाच मिनिटं तो आरशात बघत उभा होता, एकही तार छेडली नाही.

चाचांनी काढलेली मूळची उजवी पट्टी मी मुलीच्या जुन्या कंपासपेटीत जपून ठेवली होती, कधी विकायचा झालाच तर लागेल म्हणून. त्या मुलासाठी परवा शोधली. पेटी सापडली, आत कर्कटक आणि दोन खोडरबर आहेत.