सर, जिव्या सोमा आणि माझी आजी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि आधी आठवले ते आपले चित्रकलेचे सर. स्मरणिकेत सगळ्यांविषयी लिहायचं ठरवलं होतं, पण लेखणी सरांपुढे सरकतच नाही.

एलिमेंटरीसाठी आम्ही वारल्यांची पोरं फुलदाण्या काढत होतो. त्या तासाला सरांनी वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव घेतलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा माणूस. लहानपणी आई गेली, बोलणं तुटलं, तेव्हा धुळीत रेघा ओढून मनातलं सांगायचा. आपल्यात लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं देवीचं चौकोनी चित्र, सवाशिणींनी लिहायचा. जिव्या सोमांनी मात्र लग्नकार्य नसतानाही चित्रं काढली. शेत, कोळ्याचं जाळं, मुंग्यांची रांग. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी त्यांचं काम जगापुढे आणलं आणि १९८९ मध्ये ते पॅरिसच्या पॉम्पिदू या कलाकेंद्रात पोचलं. सर हे सांगताना असे उभे होते, जणू बक्षीस आमच्या वर्गालाच मिळालंय.

मग सरांनी वर्गाची मागची भिंत शेणाने सारवून घेतली, वर गेरू दिला आणि माझ्या आजीला बोलावणं धाडलं. आजी शाळेची पायरी पहिल्यांदाच चढली. कुणीतरी म्हणालं, लग्नातल्या पालघट देवीचा चौक काढा. ती तिथेच थांबली. "लगीन नाय, तं चौक नाय." शिवाय ती सवाशीण नव्हती. सर लगेच म्हणाले, "बरोबर आहे आजी. तुम्ही सांगाल तेच काढू." आजीने भाताची लावणी सांगितली. बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला कसा करायचा, तांदळाच्या पिठात पाणी किती, हे सर आमच्यासोबत जमिनीवर बसून तिच्याकडून शिकले. तिला त्यांनी वर्गात 'बाई' म्हटलं. आमच्या घरातल्या माणसाला बाई म्हणणारा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही.

२०११ मध्ये जिव्या सोमांना पद्मश्री मिळाली तेव्हा सरांचा फोन आला. आवाज भरून आला होता. २०१८ मध्ये जिव्या सोमा गेले, तेव्हा मी फोन केला.

आज मी पालघर जिल्ह्यात चित्रकला शिकवते. माझ्या दोन विद्यार्थिनी कलाशाखेला गेल्या. पण कपांवर, पडद्यांवर छापलेल्या तारपा नाचाचा, तारपा वाद्याभोवती फिरणाऱ्या नाचाचा, फेरा धड लागलेला नसतो, हे बघून जीव तुटतो. त्या भिंतीवर आता टाइल्स आहेत असं कळलं. समितीला विनंती, नव्या इमारतीत एक भिंत शेणा-गेरूची ठेवा. पावसाळ्यानंतर माझी पोरं घेऊन मी येते. पीठ, काड्या आमच्याकडच्या.