डेफ लेपर्डने ड्रमर बदलला नाही

डेफ लेपर्ड हा इंग्लंडचा रॉक बँड म्हटलं की बऱ्याच जणांना लांब केस आणि गुळगुळीत कोरस एवढंच आठवतं. मला मात्र हा बँड आवडतो तो १९८५ आणि ८६ मध्ये ते जसे वागले त्यामुळे, गाणी नंतर.

शेफिल्डची ही पोरं. रिक अॅलन बँडमध्ये आला तेव्हा फक्त १५ वर्षांचा होता, शाळा सोडून ड्रम्स वाजवायला लागला. १९८३ ला 'पायरोमेनिया' हा अल्बम आला आणि अमेरिकेत तुफान चालला, मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' वर बसला होता म्हणून नाहीतर एक नंबरला गेलाच असता. पैसा, टूर, टीव्ही सगळं एकदम सुरू झालं आणि मग ३१ डिसेंबर १९८४, शेफिल्डजवळ रिकची कार रस्ता सोडून उडाली आणि त्याचा डावा हात खांद्यापासून तुटला. डॉक्टरांनी तो परत जोडला होता पण इन्फेक्शन झालं आणि काढावाच लागला. वय २१, आणि धंदा ड्रम वाजवायचा!

आता विचार करा, ड्रमरचा डावा हात म्हणजे स्नेअर, तो कडक फटक्याचा मुख्य ड्रम, म्हणजे गाण्याचा कणाच. रिकने हॉस्पिटलच्या बेडवरच पायाने ठेके मारून बघितले, डाव्या हाताचं काम डाव्या पायाला देता येईल का म्हणून. मग त्याच्यासाठी खास इलेक्ट्रॉनिक किट बनवलं, डाव्या पायाखाली पेडल्स, एक दाबलं की स्नेअर, दुसरं दाबलं की टॉम (जाड आवाजाचा ड्रम), आणि वर उजवा हात मोकळा. म्हणजे हा माणूस शून्यापासून वाद्य शिकला, आणि तोपर्यंत बाकीचे चौघे थांबले. त्या काळात रेकॉर्ड कंपनीचा पैसा पाण्यासारखा चालला होता, नवा ड्रमर सहज मिळाला असता, पण वाजवायचं की नाही हे त्यांनी रिकवर सोडलं. मला हे फार मोठं वाटतं.

ऑगस्ट १९८६ मध्ये आयर्लंडला छोटे शोज केले, सोबतीला स्टेटस क्वो बँडचा ड्रमर जेफ रिच दुसऱ्या किटवर होता. एका शोला जेफला पोचायला उशीर झाला आणि रिकने एकट्याने निभावून नेलं, मग जेफची गरजच उरली नाही. १६ ऑगस्टला इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या रॉक फेस्टिव्हलमध्ये, अफाट गर्दीसमोर, बँडचा गायक जो एलियटने रिकचं नाव घेतलं तेव्हा लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं.

पुढचा अल्बम 'हिस्टेरिया' ऑगस्ट १९८७ ला आला, अमेरिकेत एक नंबरला पोचायला जवळजवळ वर्ष लागलं, पण सात सिंगल्स (वेगळी काढलेली गाणी) निघाले त्यातून! लोक म्हणतात ड्रम्स मशीनसारखे वाटतात. वाटतात, मान्य, प्रोड्यूसर मट लँगला तसाच आवाज हवा होता, पण स्टेजवर ते सगळं रिक स्वतः वाजवतो, तीन अवयवांनी.

संकट तिथे संपलं नाही. जानेवारी १९९१ मध्ये गिटारिस्ट स्टीव्ह क्लार्क गेला, दारू आणि औषधांमुळे, वय फक्त ३०. त्याच्यानंतरचे अल्बम मला तितके भिडत नाहीत, त्याच्या रिफ्सची, म्हणजे गिटारच्या त्या लक्षात राहणाऱ्या तुकड्यांची, जागा कोणी भरली नाही असंच माझं मत आहे. पण २०१९ ला रॉक हॉल ऑफ फेममध्ये बँड गेला तेव्हा ड्रम्सवर रिकच होता. त्याचे लाइव्ह व्हिडिओ बघितले नसतील तर बघाच, आणि कॅमेरा खाली गेला की डाव्या पायाकडे लक्ष द्या.