तुम्ही विचारलंत म्हणून: दुर्बिणीने होईल ना?

मायस्थेनियाच्या रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये थायमसची (छातीच्या हाडामागच्या ग्रंथीची) गाठ दिसली की घरचे मला हमखास विचारतात, "डॉक्टर, दुर्बिणीने होईल ना? छाती नाही ना उघडावी लागणार?" गाठ लहान आणि आपल्या आवरणात असेल, तर बहुतेक वेळा मी हो म्हणते.

मायस्थेनियात नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. पापण्या मिटतात, चावताना जबडा थकतो. अशा 100 रुग्णांपैकी साधारण 10 ते 15 जणांना थायमोमा, म्हणजे थायमसची ही गाठ, असतो. 1936 साली अमेरिकन सर्जन आल्फ्रेड ब्लालॉक यांनी अशाच एका तरुणीची गाठ छातीचं हाड कापून काढली होती. आता बरगड्यांमधून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात, कधी रोबोटच्या मदतीने. हाड शाबूत राहिल्याने दुखणं कमी होतं. ज्यांचे श्वासाचे स्नायू आधीच दमलेले आहेत, त्यांना खोल श्वास घेता येणं, जोर लावून खोकता येणं फार मोलाचं.

पण माझं लक्ष असतं गाठीच्या आवरणावर. ते फाटलं तर पेशी छातीच्या पोकळीत सांडतात आणि वर्षांनंतरही तिथे नव्या गाठी धरू शकतात. म्हणून गाठ चिमट्यात धरायचीच नाही. भोवतालच्या चरबीला धरून ती उचलायची, पिशवीत घालूनच बाहेर काढायची. ती चरबीही काढावीच लागते, कारण थायमसचे कण तिच्यात विखुरलेले असतात. दोन्ही बाजूंनी फ्रेनिक नस जाते, श्वासपटल तिच्यावर चालतं, तिला जपायचं. गाठ मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली दिसली, तर मी छाती उघडते, अगदी मध्येच ठरवावं लागलं तरी.

आणि घाई नको. आवाज नाकातून येतोय, पाणी पिताना ठसका लागतोय, तर आधी इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं) देऊन किंवा रक्तातला प्लाझ्मा (द्रव भाग) बदलून आजार आटोक्यात आणायचा. नाहीतर ऑपरेशननंतर व्हेंटिलेटर सुटता सुटत नाही. भूलतज्ज्ञांनाही आजाराची पूर्ण कल्पना हवी. स्नायू सैल करणाऱ्या काही औषधांचा असर या रुग्णांत फार लांबतो.

यापुढचा प्रश्न ठरलेला: मायस्थेनियाच्या गोळ्या कधी बंद? लगेच नाही. सुधारणा दिसायला महिने, कधी वर्षंही लागतात, आणि काहींना औषध चालूच ठेवावं लागतं. कृपा करून मनाने गोळी सोडू नका, न्यूरॉलॉजिस्टना कमी करू द्या. बरं वाटलं तरी स्कॅनला येत राहा. थायमोमा फार उशिरानेही परत येऊ शकतो.