कुरळ्या केसांचा रविवार

आज सकाळी न्हायला बसले आणि सोसायटीत पुन्हा टँकरचे पाणी आले आहे, हे मला केसांवरूनच कळले. शाम्पूला फेस येईना आणि ओले केस सुतळीसारखे खरखरीत लागू लागले. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात, आणि कुरळ्या केसांना ते अधिकच जाचतात, कारण टाळूवरचे तेल इतक्या वळणांतून टोकापर्यंत मुळी पोहोचतच नाही.

शेवटी पिण्यासाठी भरून ठेवलेले खडकवासल्याचे दोन तांबे पाणी (आईची नजर चुकवून) केसांवर ओतले. मग टाळू सोडून फक्त लांबीला कंडिशनर लावले आणि टोकांपासून वर जात बोटांनीच गुंता सोडवला. ओल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधील धनभारित रेणू त्याला धरून बसतात, म्हणून केस धुतल्यावरही तो मऊपणा थोडा उरतो.

आजी मंडईतून शिकेकाई आणि रिठे आणून रात्रभर भिजत घालायची. रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो हे तिला ठाऊक नव्हते, पण ते पाणी डोळ्यांत गेले की मी किती रडते, हे मात्र चांगले ठाऊक होते.

टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात केस दाबून टिपले. ते वाळल्यावर छान वळले, तेवढ्यात आई म्हणालीच, "अगं, आता विंचरून तरी घे!"