घराणं नसलेली बासरी

बुधवार, रात्री साडेअकरा

आज रियाजाला बसलोच नाही. संध्याकाळपासून अमेरिकी जॅझ बासरीवादक हर्बी मॅन ऐकतोय. 1961 साली न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज गेट’ क्लबमध्ये श्रोत्यांसमोर वाजवलेलं ‘कमिन होम बेबी’, साडेआठ मिनिटांचं. तीनदा ऐकलं. चौथ्यांदा हेडफोन लावून बासरीकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं आणि नुसते खालचे आवाज ऐकले. दोन-दोन डबल बास आहेत. त्यातला एक बेन टकरचा, आणि मूळ रचनाही त्याचीच. सोबत कोंगा म्हणजे हातांनी वाजवायचे उंच क्यूबन ढोल, आणि आफ्रिकी ढोल. चामड्याचा आणि लाकडाचा नुसता घुमारा. त्याच्यावर बासरी इतकी निवांत चालते, की तिला आवाज चढवावाच लागत नाही.

हे ऐकताना एक गोष्ट लख्ख कळली. जॅझमध्ये बासरी इतक्या उशिरा का आली, याचं उत्तर तिच्या फुंकेत आहे. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनच्या मिरवणुकीत हे संगीत वाढलं. तिथे बासरीचं मंद्र, म्हणजे खालचं सप्तक कोणाला ऐकू जाणार? पुढे ड्रमसेट आला, तर झांजांचा छणछणाट नेमका बासरीच्या वरच्या स्वरांवरच येऊन पडतो. खाली ऐकू येत नाही, वर जागा नाही. 1930च्या दशकात चिक वेबच्या वाद्यवृंदात वेमन कार्व्हरने ती वाजवली, 1950च्या दशकात काउंट बेसीकडे फ्रँक वेसने. पण सॅक्सोफोनला होती तशी गुरूंची रांग बासरीमागे नव्हतीच.

हर्बी मॅन ब्रुकलिनचा, जन्म 1930. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनला ऐकून नवव्या वर्षी क्लॅरिनेट हातात घेतलं, मग टेनर सॅक्सोफोन. 1953 मध्ये अ‍ॅकॉर्डियनवादक मॅट मॅथ्यूजच्या पंचकात त्याला बासरीवादक म्हणून जागा मिळाली आणि तो तिच्यातच रमला. आता वाजवायचं कोणासारखं? नक्कल करायला माणूसच नाही. क्यूबाच्या ‘चारांगा’ संगीतात मात्र बासरी मुख्य वाद्य होतं, आणि तिच्या खाली हातांनी वाजवायचे ढोल. तो तिकडे वळला. 1959 मध्ये स्वतःचा ताफा उभा केला तो तालवाद्यांच्या जोरावर, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकी सरकारच्या वतीने आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाला.

मला इथे सारखे आपले बासरीवादक पन्नालाल घोष आठवतात. आपल्याकडेही बासरीला ख्यालाचं घराणं नव्हतं. त्यांनी ती लांब केली, मंद्रात उतरवली आणि गळ्याकडून मागून घेतलं: मींड, विलंबित, आलाप. त्यांच्या बासरीने गवयाचं बोट धरलं, हर्बी मॅनच्या बासरीने ढोलवाल्याचं. दोघांनाही दुसऱ्याच्या दारात जावं लागलं आणि दोघेही तिथून श्रीमंत होऊन आले. ‘हा सगळीकडे तोंड घालतो’ असं मॅनबद्दल टीकाकार म्हणायचे, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. मलाही एका बैठकीनंतर एका जाणत्या श्रोत्याने सुनावलं होतं, ‘एक काहीतरी धरा हो.’ तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. ज्याला वारसाच नाही, त्याने काय धरायचं?

1962 मध्ये हर्बी मॅन ब्राझीलमध्ये रिओला गेला आणि तिथल्याच लोकांत बसून त्यांचा बोसा नोव्हा हा संगीतप्रकार वाजवला: बाडेन पॉवेल, सर्जिओ मेंडेस, आंतोनियो कार्लोस जोबिम. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. सूर घरी आणून आपल्या साच्यात बसवण्याऐवजी तो स्वतः उठून जायचा. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातही तसाच गेला. तिथल्या ‘अमेरिकन साउंड स्टुडिओ’चे रोजचे वादक खाली ‘सोल’ या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताचा ठेका धरून बसले आहेत, साधा, घट्ट, न हलणारा, वर सॉनी शॅरॉकची गिटार अक्षरशः किंचाळते, आणि मधे बासरी. 1969 चं ‘मेम्फिस अंडरग्राउंड’ ते हेच. त्यात बासरी एकाच ठिकाणी उभी राहून इतका वेळ खेळते, की मला रागात स्वरास्वराने पुढे जाणारी आपली बढत आठवते.

डिस्कोही ऐकला. 1975 चं ‘हायजॅक’ अमेरिकेत खूप चाललं. मला नाही भावलं. ठोका इतका सारखा पडत राहतो, की फुंकेला श्वास घ्यायला जागा उरत नाही. बासरी नुसती वरची वेलबुट्टी होते. पण म्हणून तो गेलाच नसता तर बरं, असं मी म्हणणार नाही.

शेवटी तो घरी आला. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा; कॅन्सर झाल्यावर ‘सोना तेरा’ नावाच्या गटासोबत पूर्वजांच्या त्या मुलखातलं संगीत वाजवू लागला. 2003 च्या मे महिन्यात न्यू ऑर्लिन्सच्या महोत्सवात शेवटचं वाजवलं आणि 1 जुलैला गेला. आयुष्यभर जगाचे ताल धुंडाळून सत्तरीत आजी-आजोबांच्या सुरांपाशी पोचणं... इथे मी हेडफोन काढून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

मग बासरी काढली. हळू आवाजात, दार लावून. कोमल गंधार, दोन्ही मध्यम, कोमल निषाद. बोटं पटकन बसली. पण मोबाइलवरच्या तबल्याशी काही केल्या जमेना. त्याची चाटी, म्हणजे कडेवरचा टणत्कार, माझ्या वरच्या षड्जाला खात होती.

भाच्याला फोन केला. म्हणाला, “मामा, उद्या सातला येतो. तबला आणू ना?”

म्हटलं, “नको. ढोलकी आण. आणि धुमाची, खालच्या घुमाऱ्याची बाजू जास्त वाजव.”