सेमिनरी हिल्स ते रेशीमबाग : नागपुरातल्या हिवाळी धावा

नागपुरात लांब धावायला सुखाचे महिने चारच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पहाटेही भिंतींची धग उतरलेली नसते, त्यामुळे बहुतेक सामूहिक धावा हिवाळ्यातल्या रविवारीच ठेवलेल्या असतात. गेल्या हिवाळ्यात मी ठरवून शहराच्या वेगवेगळ्या भागांतल्या धावांत भाग घेतला. मी राहते नंदनवनात, म्हणजे पूर्व नागपुरात. त्यामुळे पहिल्या तिन्ही वेळा पहाटे साडेचारला निघून सगळे शहर ओलांडावे लागले.

पहिली धाव १० किलोमीटरची, कस्तुरचंद पार्कवरून सुटणारी. झिरो माइलचा दगडी खांब आणि त्याचे चार घोडे तिथून जवळच आहेत. बिबमागे, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदामागे, चिकटवलेल्या चिपमुळे आरंभरेषेवरची पट्टी ओलांडल्यापासूनच आपली वेळ मोजली जाते, म्हणून गर्दीत मागे उभे राहिले तरी नुकसान होत नाही. हे कळल्यावर मी पुढे घुसण्याची घाई सोडली. विधानभवन, लेडीज क्लब चौक, मग जपानी गार्डन. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून जाताना पाय आपोआप पडत होते, पण सेमिनरी हिल्सच्या चढावर श्वास तुटला. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला असल्याने तिकडे टेकड्या आहेत आणि पूर्वेकडे जमीन सपाट होत जाते, हे भूगोलात वाचले होते. ते पोटऱ्यांना त्या दिवशी समजले. आठव्या किलोमीटरला पाणी संपलेले होते. एवढे शुल्क घेऊन ही व्यवस्था व्हायला नको होती, असे मला आजही वाटते.

फुटाळा तलावाजवळची पाच किलोमीटरची धाव छोटी, ओळखीच्या माणसांची होती. अंबाझरीला मात्र मी धावण्यापेक्षा थांबले जास्त. २३ सप्टेंबर २०२३ रोजी हा तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. ते आठवल्यावर त्या शांत पाण्याकडे नुसते पाहून पुढे जाववत नाही.

चौथी धाव माझ्या घराजवळची, रेशीमबाग मैदानावरची. इथे चिप नव्हती, कमानही नव्हती. चुन्याची रेघ, एका काकांच्या हातात स्टॉपवॉच, टेबलावर पाण्याच्या स्टीलच्या टाक्या आणि सोललेली संत्री, एवढाच थाट. या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली रोज पहाटे धावतात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, त्यामुळे त्यांचा सराव तेवढ्याच अंतराचा, जीव तोडून पळण्याचा असतो. त्या दिवशी आयोजकांनी त्यांनाही पाच किलोमीटरसाठी बोलावले होते. कॅनव्हासचे, अंगठ्याशी शिवलेले बूट घातलेली एक मुलगी पहिल्या फेरीत माझ्या कितीतरी पुढे गेली आणि तिसऱ्या फेरीत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी तिला म्हटले, “माझ्यासोबत चल, बोलता येईल इतक्याच वेगाने.” ती चालली. सुरुवातीला तिची पावले पुन्हा पुन्हा पुढे ओढ घेत होती, मग आमच्या दोघींच्या पावलांचा एकच आवाज येऊ लागला. शेवटच्या दोनशे मीटरला मी म्हटले, “आता जा,” आणि ती बाणासारखी सुटली.

नंतर तर्री पोहे खाताना तिने विचारले, “ताई, ती सिव्हिल लाइन्सची मोठी धाव असते, तिथं आम्हाला घेतात का जी?” घेतात, पण शुल्क भरावे लागते, पहाटे पाचला तिकडे पोहोचावे लागते, आणि त्या वेळी नंदनवनातून रिक्षा मिळणे कठीण, हे सगळे तिला सांगताना मला फार अवघडल्यासारखे झाले. आपल्या शहरातल्या मोठ्या धावा बहुतेक पश्चिमेलाच होतात, आणि सर्वांत जास्त धावणारी मुले मात्र इकडच्या मैदानांवर असतात.

फेब्रुवारीतल्या पुढच्या धावेसाठी मी चार नावे नोंदवली. त्या पहाटे माझ्या गाडीत मागच्या सीटवर तिघी बसल्या होत्या, आणि महाल भागातून जाताना त्यांच्यातली एक बिबला पिना नीट लावल्या आहेत की नाही, हे मोबाइलच्या उजेडात पुन्हा पुन्हा तपासत होती.